दोन पडदे आणि अर्धी नवरी

मामेबहिणीच्या लग्नात फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं ते कॅमेरा माझ्या गळ्यात होता एवढ्याच पात्रतेवर. कॅमेराही मामाचाच, पेंटॅक्स के-१०००. "फ्लॅश लावलास की डायल ६० वर ठेव, आणि आतल्या पडद्याला बोट लावू नकोस," असं बजावून मामा व्याह्यांच्या मागे धावला. दुसरी सूचना मी तंतोतंत पाळली.

फिल्मच्या अगदी पुढ्यात कापडाचे दोन पडदे असतात, हे मला पुढे कळलं. बटण दाबलं की आधी आरसा वर उडतो, म्हणजे ऐन क्षणी फोटो काढणाराच आंधळा. (व्ह्यूफाइंडरमधून फ्लॅश दिसला तर फोटो हुकला म्हणून समजा.) मग पहिला पडदा सरकतो, फिल्म उघडी पडते, आणि दुसरा मागून येऊन ती झाकतो. डायल ६० वर, म्हणजे १/६० सेकंदाला, पहिला पलीकडे पोहोचेपर्यंत दुसरा जागचा हलत नाही. वेग वाढवला की त्याला धीर धरवत नाही, पहिला वाटेत असतानाच तो निघतो. १/१००० ला तर दोघांत दोन-तीन मिलिमीटरची फट उरते आणि ती फटच फिल्मवरून झाडू मारत जाते. उन्हात यानं काही बिघडत नाही. फ्लॅश मात्र पापणी लवायच्या आत विझतो. तेव्हा जेवढी फिल्म उघडी, तेवढंच लग्न!

कुणाचं कोपर लागून की माझ्याच उत्साहानं, माझी डायल १२५ वर गेली होती. "सावधान" झालं, भटजींनी अंतरपाट काढला. माझ्या कॅमेऱ्यातला अर्ध्यावर धरलेलाच.

रोल धुऊन आला. छत्तीसही फोटोंत एक बाजू काळीकुट्ट, आणि नवरी नेमकी त्याच बाजूला. कॅमेरा उभा धरला होता तिथे वऱ्हाडाची डोकी गायब, पैठण्यांचे काठ तेवढे झकास.

कॅमेरा बिघडला म्हणून मी स्टुडिओवाल्याशी तावातावानं बोलायला गेलो. त्यानं शांतपणे मागचं झाकण उघडलं, मला आतून बघायला लावलं आणि भिंतीकडे फ्लॅश उडवला. ६० ला अख्खी खिडकी उजळली. १२५ ला अर्धी.

"कॅमेरा ठीक आहे," तो म्हणाला. पुढचं बोलला नाही, सभ्य माणूस.

मामानं अल्बम पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मामी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. विहीणबाईंचा मात्र फोन आला. "आमच्या मुलाचे फोटो फार छान आलेत हो. आणखी एक सेट काढून द्याल?"