‘आधी गार्ड बसवा, मग नेतृत्व शिकवा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

कारखान्यातील सुरक्षा आणि नेतृत्व या विषयावरील माझ्या मागच्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे : आपण भोसरीत बावीस माणसांचे प्रेस शॉप (पत्रा दाबून तुकडे काढणाऱ्या यंत्रांचा कारखाना) सांभाळता, तिथे माणसाचे बोट वाचते ते गार्डमुळे (यंत्रावरच्या संरक्षक अडसरामुळे), व्याख्यानामुळे नव्हे, ‘आत्मविकास’ हा शब्द आला की मालकाचा खर्च वाचतो आणि दोष कामगाराच्या गळ्यात पडतो, आणि अमेरिकेतील एका अॅल्युमिनियम कंपनीच्या अध्यक्षाची गोष्ट सांगून आपल्याकडे काहीही हलत नाही. शेवटी आपण विचारले आहे की मी स्वतः कधी प्रेसवर उभा राहिलो आहे का.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. प्रेसवर मी काम केलेले नाही. प्रेसच्या मागे मात्र बरीच वर्षे उभा होतो, हातात उत्पादनाचा तक्ता घेऊन, आणि या विषयावर मी जे काही लिहितो ते त्या जागेवरून केलेल्या एका चुकीमुळे लिहितो. मागच्या लेखात ती सांगायला हवी होती. ती टाळली म्हणून लेख आपल्याला व्याख्यानासारखा वाटला असेल, तर तो दोष माझा आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका कारखान्यात मी दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर होतो. पन्नास टनी प्रेस, जुना की क्लच (फिरते चाक ‘की’ नावाच्या खिळीने यंत्राला जोडणारा), पायाने दाबायचे पेडल. चहाच्या सुट्टीनंतर ऑपरेटर माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘साहेब, प्रेस मधूनच डबल मारतोय.’ आपल्याला हे समजावून सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो : पेडल एकदा दाबले की रॅमने, म्हणजे वरून दाब देणाऱ्या ठोकळ्याने, एकदाच खाली येऊन वर थांबायला हवे, तो न थांबता पुन्हा खाली आला, तर तयार झालेला तुकडा काढायला गेलेला हात डायमध्येच (साच्यातच) असतो. मी घड्याळाकडे पाहिले, गाडी रात्री निघणार होती. मी म्हणालो, ‘एवढी लॉट काढ, उद्या मेंटेनन्सला लावतो. बोटे सांभाळून कर.’

साडेनऊच्या सुमारास त्याच्या उजव्या तर्जनीची दोन पेरे गेली. कामगारांच्या भरपाईसंबंधीच्या १९२३ च्या कायद्याला जे परिशिष्ट जोडलेले होते, त्यात या नुकसानीचा भाव ठरलेला होता : तर्जनीची दोन पेरे गेली तर कमाईची क्षमता ११ टक्के कमी झाली असे धरत, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, अंगठा गेला तर ३० टक्के. तो आकडा मी त्या आठवड्यात पहिल्यांदा वाचला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने क्लच उघडला तेव्हा एक स्प्रिंग तुटलेली निघाली, मुठीत मावेल एवढी. अपघाताच्या अहवालात ‘कारण’ या रकान्यात मी ‘कामगाराचे दुर्लक्ष’ असे लिहिले. तसे लिहायला मला कोणीही सांगितले नव्हते.

म्हणून ‘दोष कामगाराच्या गळ्यात पडतो’ हे आपले वाक्य मला अजिबात खोडायचे नाही, कारण तो गळ्यात कसा पडतो हे मी स्वतःच्या हस्ताक्षरात पाहिलेले आहे. ‘बोटे सांभाळून कर’ या तीन शब्दांनी मी एक यांत्रिक दोष उचलून माणसाच्या अंगावर टाकला होता, आणि तेही काळजीच्या सुरात.

आता गार्डविषयी. धोका मुळातून काढणे, ते जमत नसेल तर यंत्रात अडथळा घालणे, त्यानंतर नियम व प्रशिक्षण, आणि सर्वांत शेवटी हातमोजे व चष्मे, हा क्रम सुरक्षाशास्त्रात सर्वमान्य आहे आणि त्यात भाषणाची जागा बरीच खाली लागते. इथवर आपण दोघे एकाच बाजूला आहोत. मात्र आपण लाइट कर्टनच्या (हात आत गेला की किरण तुटून यंत्र थांबवणाऱ्या प्रकाशाच्या पडद्याच्या) कोटेशनचा उल्लेख केला आहे आणि मालक तेवढा खर्च करत नाहीत अशी तक्रार केली आहे, तिथे थोडे थांबावेसे वाटते. आपले प्रेस की क्लचचे असतील, तर लाइट कर्टनवर खर्च करू नका. ती खीळ (‘की’) एकदा गुंतली की स्ट्रोक (रॅमची एक खाली-वर फेरी) पूर्ण होईपर्यंत रॅम मध्ये थांबवता येत नाही, त्यामुळे किरण तुटला तरी यंत्राला त्याचा उपयोग करता येत नाही. लाइट कर्टन न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर काम करतो, कारण त्याला स्ट्रोकच्या मध्यावर ब्रेक लावता येतो. दोन हातांच्या बटणांनाही जुन्या प्रेसवर हीच मर्यादा आहे, कारण डबल मारणाऱ्या प्रेसचा दुसरा स्ट्रोक बटणाची वाट पाहत नाही. शिवाय साध्या सर्किटमध्ये एका बटणात काडी खुपसून दुसऱ्यावर काम करणारे महाभाग आपणही पाहिले असतील. अशा प्रेसवर डायभोवती कायमचा बंद गार्ड लागतो, ज्याच्या फटीतून पट्टी जाते पण बोट जात नाही. आणि जिथे तुकडे हाताने ठेवावे लागतात तिथे सरकती स्लाइड, चिमटा किंवा लोहचुंबक. हे सगळे आपल्याच टूलरूममध्ये बनते. पैशाची अडचण खरी असते, पण प्रत्येक वेळी तीच खरी अडचण असते असे मला वाटत नाही.

कारण गार्ड बसवल्यानंतरची गोष्ट आपल्या प्रतिक्रियेत नाही. खंडेनवमीला पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात कुठल्याही शॉपमध्ये जाऊन पाहा : यंत्रे धुऊन पुसून घेतलेली असतात, प्रत्येक प्रेसला झेंडूचा हार असतो, आणि पुसायला सोपे जावे म्हणून काढलेले गार्ड भिंतीला टेकवून ठेवलेले असतात. दसऱ्यानंतर उत्पादन सुरू होते तेव्हा त्यातले काही भिंतीशीच राहतात. वर्षातले हे एक उदाहरण झाले. डाय बदलताना तर हे रोज घडते. सेटर गार्ड काढतो, डाय बांधतो, पहिला तुकडा तपासणीला जातो, ‘ओके’ येतो आणि काम सुटते. गार्ड परत लावायला पंधरा मिनिटे लागतात, आणि ती पंधरा मिनिटे कोणाच्या तरी तक्त्यात तोटा म्हणून दिसणार असतात. ऑपरेटर ती स्वतःहून घेत नाही, कारण त्याला ती घेण्याचा अधिकारच नाही. सुपरवायझरने ती मोकळेपणाने दिली आणि वर जाऊन ‘माझ्या शिफ्टला आज चारशे तुकडे कमी निघाले, कारण मी गार्ड लावून घेतला’ असे सांगितले, तरच तो गार्ड जागेवर राहतो. मागच्या लेखात मी ज्याला नेतृत्व म्हटले ते एवढेच होते. शब्द मोठा वापरला, हे मान्य.

‘आत्मविकास’ हा शब्दही मी कामगाराविषयी वापरलेला नव्हता, तो वाईट बातमी ऐकणाऱ्या माणसाविषयी होता. ऑपरेटर दोष सांगायला येतो तेव्हा आपल्या तोंडून निघणारा पहिला प्रश्न कोणता, यावर त्या शॉपचे पुढचे वर्ष ठरते. माझा पहिला प्रश्न अनेक वर्षे ‘किती वेळ जाईल?’ हाच होता. ‘चल, दाखव’ म्हणायला मला त्या अपघातानंतरही बराच काळ लागला, कारण ही सद्भावनेची बाब नसून हातापायांना लावून घ्यायची सवय आहे : तक्ता खाली ठेवायचा, यंत्रापर्यंत चालत जायचे, फ्लायव्हील (यंत्राचे जड चाक) थांबेपर्यंत तिथेच उभे राहायचे. ठेकेदाराकडचा पोरगा तुमचे तोंड पाहून ठरवतो की पुढच्या वेळी सांगायचे की नाही. त्याला उद्या गेटवर ‘उद्यापासून येऊ नको’ असे ऐकवता येते, आणि हे त्याला आपल्यापेक्षा जास्त चांगले ठाऊक असते.

कायदा इथे किती पुरतो, तेही पाहू. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात जी भर पडली, तिच्यातील कलम ४१-एच ने कामगाराला आसन्न धोक्याची सूचना देण्याचा हक्क दिला; पण ते प्रकरण घातक प्रक्रियांच्या कारखान्यांपुरते होते, साधे प्रेस शॉप त्यात बसत नव्हते. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्तीही त्या अधिनियमात साधारणपणे १,००० कामगारांपासून पुढे होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत धोक्याची सूचना देण्याचा हक्क सर्वच आस्थापनांतील कामगारांना आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण बावीस माणसांच्या शॉपमध्ये ती सूचना ऐकायला सुरक्षा अधिकारी नसतो, आपण असता.

राहिली अमेरिकेची गोष्ट. अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीचे पॉल ओनील १९८७ मध्ये अध्यक्ष झाले आणि गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले, एवढेच मी लिहिले होते आणि त्यावर आपण ‘भाषणाने काय होते’ असे विचारलेत ते योग्यच होते. मी सांगायला हवा होता तो भाग पुढचा आहे. अॅरिझोनातील कारखान्यात एक तरुण कामगार यंत्रात अडकून मेला, तेव्हा ओनील यांनी वरिष्ठांना एकत्र बोलावून या मृत्यूला आपण जबाबदार आहोत, आणि त्यात सर्वांत आधी मी, असे सांगितले. कोणालाही इजा झाली की चोवीस तासांत ती खुद्द त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे, असा दंडक होता. आणि १९९६ मध्ये मेक्सिकोतील कारखान्यात वायूची बाधा झाल्याची बातमी वर न कळवणाऱ्या एका बड्या अधिकाऱ्याला, त्याचा विभाग उत्तम कमाई करत असतानाही, त्यांनी काढून टाकले. माझ्या अहवालातील ‘कामगाराचे दुर्लक्ष’ त्या कंपनीत खपले नसते, म्हणून मला ती गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘अपघातविरहित दिवस’ मोजणारा फलक आपल्याकडे गेटवर लागतो. तो आकडा वाढत राहावा म्हणून बारीकसारीक जखमा पट्टी बांधून घरी पाठवल्या जातात, हेही आपण जाणता.

मालकांची परवानगी न घेता आपल्या अखत्यारीत काय करता येईल, असे आपण प्रतिक्रियेच्या मध्ये, जरा रागानेच, विचारले आहे. माझ्या मते एकच नियम आधी लावा : प्रेसने एकदा जरी डबल मारले तरी मोटार बंद, आणि ‘की’, स्प्रिंग व ब्रेकचा पट्टा पाहिल्याशिवाय चालू नाही, लॉट अर्धी असली तरी, गाडी दारात उभी असली तरी. हे ज्याने सांगितले त्याचे नाव आणि थांबलेला वेळ एका वहीत लिहा, आणि खाली सही आपली करा, त्याची नको. महिनाअखेरीस मालक वेळेचा हिशेब मागतील तेव्हा ती वही कामाला येईल.

आपल्याकडील प्रेस की क्लचचे किती आणि न्यूमॅटिक किती, तसेच हाताने तुकडा ठेवण्याची कामे कोणत्या डायवर आहेत, हे कळवलेत तर बंद गार्डच्या फटीच्या मापाविषयी वेगळे लिहितो. ते माप डायपासूनच्या अंतरानुसार बदलते आणि इथे एका वाक्यात सांगण्यासारखे नाही.