मांडवातली दुपार, पन्नाशीचा चेहरा आणि माझी चूक

ताई,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळींवर नजर थांबली आणि रागाचं पाणी झालं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पन्नाशीनंतरच्या मेकअपवरच्या माझ्या लेखाखाली अमळनेरच्या या ताईंनी लिहिलंय की नातवंडं खेळवायच्या वयात बायकांना तोंड रंगवायला शिकवणं हे रिकामपणचे धंदे आहेत. त्यांच्या आईच्या चेहऱ्यावर कुंकवाशिवाय काही नसायचं, तरी ती चारचौघींत उठून दिसायची. आणि हा सगळा कंपन्यांचा माल खपवायचा उद्योग. मग अगदी शेवटी: "तरी भाचीच्या लग्नात तुम्ही सांगितलं तसं करून पाहिलं. अक्षता पडेपर्यंत तोंडाला भेगा पडल्या, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा. सुनेने गुपचूप रुमाल पुढे केला."

शेवटापासूनच सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे.

मी लिहिलं होतं, "फाउंडेशननंतर पावडरने सेट करा." म्हणजे कातडीच्या रंगाचा लेप लावून झाला की तो पावडरने पक्का करा. बस्स. कुठे, किती, कोणी, काही नाही. बावीस वर्षं जळगावात पार्लर चालवतेय, पण लेख लिहिताना डोळ्यासमोर होती ती एसीत खुर्चीवर बसलेली पंचविशीतली नवरी. तुम्ही होतात वैशाखातल्या मांडवात, साडेबाराच्या मुहूर्ताला, शालू नेसून, पाहुण्यांच्या पंगतीवर लक्ष ठेवत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी ते लिहायचं राहिलं.

भेगा का पडल्या ते सांगते. पाळी थांबली की शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, त्याबरोबर कातडीतलं तेल कमी होतं आणि तिला ताठ धरणारं कोलॅजेनही. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत ते सुमारे ३० टक्क्यांनी घटतं असं डॉक्टर सांगतात. म्हणजे आधीच कोरडी, पातळ झालेली कातडी. तिच्यावर पावडर थापली की ती उरलासुरला ओलावा शोषून घेते. मग तुम्ही हसता, बोलता, कोणाला हाका मारता, आणि दरवेळी चेहरा जिथे दुमडतो तिथे तो थर गोळा होतो. त्यात घाम आला, आपण तो पुसला, वर पुन्हा पावडर लावली. झाली काळ्या रानाची भेग. दोष तुमच्या हाताचा नव्हता.

आता जे लिहायला हवं होतं ते लिहिते.

पावडर चेहराभर नको. नाकाच्या दोन्ही बाजू आणि हनुवटी, तीही छोट्या ब्रशने, झटकून. डोळ्यांखाली अजिबात नको. तोंड धुतल्यावर कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा आणि दहा मिनिटं थांबा. तेवढ्यात केस विंचरा, साडीला पिना लावा. हे थांबणं बायकांना जमत नाही, आणि निम्मा मेकअप तिथेच बिघडतो. मग सनस्क्रीन, पुन्हा थांबणं. फाउंडेशन अर्ध्या वाटाण्याएवढं, ओल्या करून घट्ट पिळलेल्या स्पंजाने दाबत दाबत लावायचं, घासायचं नाही. चेहऱ्याच्या मधोमध लावून कडेला विरत न्यायचं. जिथे कातडी आपोआप एकसारखी दिसते तिथे काहीच नको. मांडवात घाम आला की सुती रुमालाची घडी नुसती टेकवून उचलायची. रेघेत रंग साचलाच तर आधी बोटाच्या टोकाने तो थोपटून पसरवायचा. वर नवा थर चढवायचा नाही.

डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर गोरा कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचा लेप, लावला की आपल्या सावळ्या, गव्हाळ रंगावर राखाडी डाग दिसतो. आधी काळेपणा मारणारा, नारिंगीकडे झुकणारा करेक्टर, अगदी कणभर, नाकाजवळच्या कोपऱ्यात. काजळ खालच्या पापणीत भरू नका. उन्हात ते उतरतं आणि वर्तुळं दुप्पट करतं. वरच्या पापण्यांच्या मुळाशी तपकिरी पेन्सिल ओढा, डोळा उघडा ठेवून, म्हणजे पापणी किती झुकलीय ते कळतं. चमकी तर नकोच, ती सुरकुतीवर बॅटरीसारखी उजेड पाडते. गालावर पावडरचा ब्लश नको, ओठांचीच लिपस्टिक बोटाने लावा. पण हसून गाल फुगवून लावू नका. हसू ओसरलं की तो रंग खाली घसरलेला दिसतो. चेहरा शांत ठेवून, गालाच्या हाडावर. ओठांच्या कडेला बारीक रेघा असतील तर आधी ओठांच्याच रंगाची पेन्सिल फिरवा, नाहीतर लिपस्टिक त्या रेघांतून बाहेर पाझरते.

भुवयांच्या शेपट्या विरळ होतात, तिथे पेन्सिलने केसासारख्या तुटक रेघा पुरतात. मात्र शेपट्या अचानक झडल्या असतील आणि थकवाही असेल, तर पेन्सिलीआधी थायरॉइड तपासून घ्या. माझ्या दोन गिऱ्हाइकांचं निदान असंच आरशापासून सुरू झालं.

आणि चाळिशी! यावर कोणी बोलत नाही. चष्मा लावला तर डोळ्यांना हात पोहोचत नाही, काढला तर दिसत नाही. मग अंदाजपंचे काम. दुप्पट मोठं दाखवणारा आरसा घ्या, खिडकीपाशी उजेडात बसा. दहापट वगैरे दाखवणारा घेऊ नका, त्यात प्रत्येक छिद्र विहिरीएवढं दिसतं आणि हात थांबत नाही.

आता तुमच्या आईंबद्दल. त्यांच्या देखणेपणावर माझा पूर्ण विश्वास आहे, माझी आईही तशीच होती. पण "फक्त कुंकू" म्हणताना जरा आठवून पहा. कुंकवाच्या करंड्यात मेणाची डबी असायची की नाही? आधी बोटाने मेणाचा गोल, मग त्यावर कोरडं कुंकू, म्हणजे घामाने ओघळत नाही. आज पार्लरमध्ये ज्याला प्रायमर, म्हणजे मेकअप धरून ठेवणारा पहिला थर, म्हणून हजार रुपये घेतात, त्याचं काम ते मेण करत होतं. माझ्या आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं, तीन ठिपके. ते तर धुतलं तरी जायचं नाही. पुढच्या पिढीत स्नो, म्हणजे तोंडाला लावायचं पांढरं क्रीम, आणि पावडर आली. मुंबईचा अफगाण स्नो १९१९ पासूनचा, लॅक्मे १९५२ पासूनची. म्हणजे हे खूळ काही मोबाईलबरोबर आलेलं नाही. फक्त स्नो होता चेहऱ्याची तेलकट चकाकी घालवायला, तरुण तेलकट कातडीसाठी. पन्नाशीला तोच हिशेब लावला की तुमच्या भाचीच्या लग्नासारखं होतं.

कुंकवाचं बोलतोच आहोत तर टिकलीचंही सांगते. कपाळावर टिकलीच्या जागी पांढुरका डाग पडलेल्या कितीतरी बायका येतात आणि घाबरून विचारतात, हे कोड तर नाही? टिकलीच्या डिंकात काही वेळा पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असतं, काहींच्या कातडीतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी ते मारतं. खाज सुटली, जागा फिकट पडायला लागली, तर त्याच दिवशी टिकली बंद करा आणि कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. डाग लपवायला बायका आणखी मोठी टिकली लावतात, तेवढं मात्र करू नका.

कंपन्यांचा माल म्हणालात. माझ्या लेखात महागड्या वस्तूंची नावं जास्त झाली, हे मान्य. पण मला एकाच गोष्टीवर पैसे घालवायला सांगितले तर मी सनस्क्रीन घेईन, एसपीएफ ३० सुद्धा पुरतो, तो जळवणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतो. फाल्गुन-चैत्रात गच्चीवर बिबड्या, कुरडया, पापड घालायला आपण सकाळपासून दुपारपर्यंत बसतो की नाही? डोक्यावर पदर असतो, गाल उघडे. वीस-पंचवीस उन्हाळ्यांच्या बिबड्या आपल्या गालांवर लिहिलेल्या असतात. ते काळे डाग लपवायला मग फाउंडेशन लागतं. गच्चीवर जायच्या आधी दोन बोटं सनस्क्रीन चेहऱ्याला आणि मानेला लावलं, दोन तासांनी पुन्हा लावलं, तर पुढचं बरंच वाचेल.

ज्या मालाची खरी भीती आहे तो वेगळाच. पंधरा दिवसांत गोरं करणारी ट्यूब. शेजारीण सांगते, मेडिकलवाला देतो. त्यात मोमेटासोन किंवा बेटामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. महिनाभर चेहरा काचेसारखा होतो, मग कातडी पातळ पडते, लाल होते, उन्हात गेलं की आग, कधी हनुवटीवर केसही. २०१८ साली सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला, पण गावात चिठ्ठी मागतं कोण? तशा चेहऱ्याला मी हात लावत नाही, फेशियलला आलेलीला परत पाठवते. पैसे जातात, जाऊ दे.

राहिला वयाचा प्रश्न. "कुंकू हाच बाईचा खरा दागिना" असं तुम्ही लिहिलंत. वाक्य छान आहे. पण गेल्या वर्षी एक बाई माझ्याकडे आल्या, संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर. अठ्ठावन्न वय, यजमान जाऊन बारा वर्षं झालेली, मुलाचा बस्ता नुकताच फाडलेला. म्हणाल्या, "काहीतरी कर, पण केलंय असं दिसायला नको." घरी जावेने आधीच विचारलं होतं, "कोनले दखाडनं शे आते तुले?" कोणाला दाखवायचंय आता तुला? मी मॉइश्चरायझर लावलं, करेक्टरचा एक ठिपका, भुवयांत चार रेघा, ओठांना त्यांच्याच रंगाची लिपस्टिक आणि तीही टिपून घेतलेली. वीस मिनिटं लागली. आरशात त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "झोप झाल्यासारखी दिसते गं." लग्नात कोणाला कळलं नाही. तुमच्या व्याख्येत त्यांना दागिना कोणता? मी भांडायला विचारत नाही, मलाही नीट उत्तर येत नाही.

आणि तुम्हीही, ताई, लेखाला नावं ठेवून का होईना, करून पाहिलंतच की. मला ते फार आवडलं.

धाकट्या भाचीचं लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, आहे असं तुम्ही लिहिलंय. ती फाउंडेशनची बाटली फेकू नका, पैसे मोजलेत. आधी खिडकीत उभं राहून जबड्याच्या कडेवर एक रेघ ओढून पहा. ती रेघ वेगळी दिसत असेल तर रंगच चुकलाय, मग सुनेला देऊन टाका. जुळत असेल तर तळहातावर मॉइश्चरायझर घ्या, त्यात बाटलीतला एकच थेंब मिसळा आणि फक्त नाकाभोवती आणि गालांवर दाबून लावा. लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा नको, त्याआधी एखाद्या दुपारी लावून स्वयंपाकघरात भाकरी थापा. चुलीपुढे तासभर टिकलं तर मांडवातही टिकेल. नाही टिकलं तर पुन्हा इथेच लिहा, आणि शेवटची ओळ या वेळी सगळ्यात वर.