‘घराचा विमा आहे ना, मग हरिकेनची काळजी कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

जून लागला, हरिकेनचा (चक्रीवादळांचा) हंगाम आला की अमेरिकेत फ्लोरिडा-टेक्सासमधल्या मराठी ग्रुपांवर हा मजकूर फिरू लागतो: “घराच्या विम्यात वारा-पाणी सगळं येतं. पूरक्षेत्रात नसाल तर फ्लड इन्शुरन्सवर पैसे घालवू नका, वादळ दिसलं की घेता येतो. खिडक्यांना टेपची फुली मारा, एक खिडकी किलकिली ठेवा. बाकी फेमा (केंद्र सरकारची आपत्ती-मदत संस्था) बघून घेईल.” एकेक घेऊ.

वाऱ्याने छप्पर फाटलं आणि तिथून पाऊस आत आला, तर क्लेम सहसा घराच्या पॉलिसीवर बसतो. तेच पाणी दाराखालून शिरलं तर तो पूर, आणि पूर या पॉलिसीत वगळलेला असतो. वादळाने लोटलेलं समुद्राचं पाणीही त्यातच मोजतात. वाऱ्याच्या नुकसानीतही हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे भरपाईआधी तुम्ही स्वतः सोसायचा वाटा, आडवं येतं. ते टक्क्यांत असलं तर टक्के नुकसानीवर नव्हे, घराच्या विमा रकमेवर धरतात. 4,00,000 डॉलरच्या विम्यावर 2 टक्के म्हणजे 8,000, 5 टक्के म्हणजे 20,000 डॉलर तुमच्या खिशातून. पॉलिसीच्या डिक्लरेशन पेजवर (सारांशाच्या पानावर) हा आकडा असतो. तो बहुतेक जण छप्पर उडाल्यावर वाचतात.

पूरक्षेत्राबाहेर घर असलं तर कर्ज देणारी बँक फ्लड इन्शुरन्सची सहसा सक्ती करत नाही, एवढंच. 2017 साली हार्वी वादळात टेक्सासच्या ह्यूस्टनमधली अशी हजारो घरं पाण्यात गेली.

‘वादळ दिसलं की घेऊ’ हे सगळ्यांत महागात पडतं. एनएफआयपी या सरकारी पूरविमा योजनेची फ्लड पॉलिसी साधारणपणे 30 दिवसांनी लागू होते, म्हणजे 1 जूनला घेतलेली जुलै उजाडल्यावर. वादळ जवळ आलं की कंपन्या घराच्या नव्या पॉलिसी देणं आणि जुन्यांचं कव्हर वाढवणंही थांबवतात. सरकारी पॉलिसीत घराला जास्तीत जास्त 2,50,000 आणि सामानाला 1,00,000 डॉलर. सामानाचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं, त्याची भरपाई घसारा कापून मिळते, आणि घर सोडून राहावं लागलं तर हॉटेलचं बिल तुमचंच.

टेपने काच वाचत नाही, फुटली की मोठे धारदार तुकडे उडतात. खिडक्यांवर बाहेरून 5/8 इंच जाडीचं प्लायवूड लावा. फळीचा गाळा (आधारांमधलं अंतर) 4 फुटांपर्यंत असेल तर 8 नंबरचे स्क्रू दर 16 इंचांवर, 6 फुटांपर्यंत दर 10 इंचांवर. ते भिंतीच्या लाकडी सांगाड्यात किमान 2 इंच रुतले पाहिजेत. नुसत्या साइडिंगमध्ये (भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणात) पिळलेत तर फळीच सुटून शेजाऱ्याच्या खिडकीत जाईल. कापून, भोकं पाडून, नंबर टाकून फळ्या आत्ताच ठेवा.

किलकिली खिडकी? आत घुसलेला वारा छपराला खालून रेटतो, बाहेरचा वरून ओढतो. गॅरेजचं रुंद दार आत दबलं तरी हेच होतं, म्हणून ते जोराचा वारा सोसण्याचं रेटिंग असलेलं आहे का ते बघा. नसेल तर त्याच दारासाठी बनवलेलं ब्रेसिंग (आधाराचं) किट बसवून घ्या.

राहिली फेमा. तिची घरगुती मदत राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली तरच मिळते, तीही घर राहण्याजोगं करण्यापुरती. त्यापुढे एसबीए या सरकारी संस्थेचं कर्ज मिळू शकतं, जे व्याजासकट फेडायचं असतं.