पवित्र होणं वेगळं, तरणं वेगळं
बायको श्रद्धावान असली की नवराही तिच्यामुळे तरतो, असं एका लेखात बायबलमधल्या १ करिंथ ७:१४ चा (ख्रिस्ती बायकोमुळे श्रद्धा नसलेला नवरा 'पवित्र' होतो) आधार देऊन म्हटलंय, पण दोनच ओळी पुढे ७:१६ मध्ये हे पत्र लिहिणारा पौल स्वतःच विचारतो की बाई गं, तू नवऱ्याला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक? म्हणजे गॅरंटी नाहीच! 'पवित्र' म्हणजे ते लग्न आणि मुलं अशुद्ध धरू नका एवढंच, मला तरी तसं वाटतं. आमच्या गोव्यातल्या फोंड्यात शेजारीच असं जोडपं आहे, ती ख्रिस्ती, हा हिंदू; ती रविवारी चर्चमध्ये मिस्साला (प्रार्थनाविधीला) आत, हा बाहेर स्कूटरवर पेपर वाचत, आणि चवथीला तो माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची चौकट) बांधतो तेव्हा खाली स्टूल धरायला तीच, वर आणि ओरडणार की तोरिंगण (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) वाकडं लागलंय. कॅथलिक चर्चच्या नियमात अशा लग्नाला बिशपकडून सूट घ्यावी लागते, पण समोरच्याने बाप्तिस्मा घेतलाच पाहिजे असं नाही. आणि आपल्याकडे तरी काय, सावित्रीने सत्यवानाचे प्राण आणले, मोक्ष नव्हे. उपनिषदातल्या मैत्रेयीने तर तिचा नवरा याज्ञवल्क्य घर सोडून निघाला तेव्हा इस्टेटीतला वाटा नको म्हणून अमृतत्वाचं ज्ञान मागितलं, ते स्वतःसाठी. नवऱ्याच्या पुण्यात हिस्सा नाही मागितला तिने.