घरी शिवलेल्या स्नॅपवाल्या डायपरबद्दल फिरणारा तो मेसेज, एकेक मुद्दा घेऊन

परत तोच मेसेज फिरतोय. "घरी शिवलेले कापडी डायपर धोकादायक, बटणं निघून बाळाच्या तोंडात जातात, टाक्यांच्या भोकांतून शू गळते, रॅश येतो, उकळल्याशिवाय जंतू जात नाहीत, आणि पर्यावरणाला फायदा शून्य." मला तिघींनी पाठवला, त्यातल्या एकीने तर कापून ठेवलेलं कापड घडी करून कपाटात टाकलं, म्हणून लिहायला बसले. मी दोन बाळांसाठी डायपर शिवलेत. मेसेजमधल्या बहुतेक तक्रारी खऱ्या घडू शकतात, पण त्या ठराविक चुकांमुळे घडतात, आणि ती चूक कुठली हे मेसेज कुठेच सांगत नाही, याचा मला राग येतो.

आधी बटणं, कारण भीती तिथेच आहे. प्लॅस्टिकचं स्नॅप बटण हे शिवायचं टिचबटण नव्हे. बाहेरून टोपी, टोपीला एक टोकदार दांडी, ती कापडातून आरपार काढायची आणि पलीकडून नर (उंचवट्याचा) किंवा मादी (खळग्याचा) भाग ठेवून पक्कडीने दाबायचं. दाबल्यावर दांडीचं टोक मधोमध सपाट पसरलं पाहिजे. ते एका बाजूला वाकलं असेल तर बटण आज लागेल आणि चार धुण्यांत सुटेल, "निघालं" म्हणून जी बटणं मला दाखवली गेली त्यातली जवळजवळ सगळी अशीच वाकडी दाबलेली होती. अशावेळी परत दाबून काही होत नाही, कापून काढायचं आणि नवीन बसवायचं. दुसरं, नुसत्या एका पातळ थरावर बटण बसवू नका. वॉटरप्रूफ कापड ताणलं जातं, रोज ओढून ओढून भोक मोठं होतं आणि मग बटण कापडासकट बाहेर येतं. मागे सुती कापडाचा छोटा तुकडा किंवा पट्टी घाला. थर जास्त असतील तर लांब दांडीची टोपी घ्या, डायपरला साधारण 20 नंबरचं, म्हणजे 12 मिलीमीटरच्या आसपास टोपी असलेलं बटण चालतं. बसवल्यावर टोपीखाली नख घालून बघा, मग दहा वेळा लावा-काढा, आणि मगच बाळाला घाला. सुटलेलं बटण बाळाच्या घशात अडकू शकतं हे मेसेजचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, म्हणून दर धुण्यानंतर घड्या घालताना प्रत्येक बटणावरून बोट फिरवायचं आणि तडा दिसला की तो डायपर बाजूला. पण हे विकतच्या स्नॅपवाल्या डायपरलाही तितकंच लागू आहे!

गळतीचं काय. डायपरचं बाहेरचं वॉटरप्रूफ कापड बहुधा पीयूएल असतं, म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडाला मागून पॉलियुरेथेनचा पातळ पडदा चिकटवलेला असतो, त्याला सुईने भोकं पडतात हे खरंच, आणि ती बुजत नाहीत, म्हणून टाचण्या लावायच्या नाहीत, क्लिपा लावायच्या (टाचणी लावायचीच तर शिवणीच्या मार्जिनमध्ये), आणि उसवाउसवी टाळायची. पण टाक्याच्या भोकातून धार लागत नाही. ओल बाहेर येते ती दोऱ्यावरून. सुती दोरा वातीसारखं पाणी ओढतो, पॉलिएस्टर दोरा तसं ओढत नाही, एवढा साधा फरक आहे. बॉलपॉइंट सुई, 3 मिलीमीटर किंवा त्याहून लांब टाका, बस. मशीनचा पाय त्या चकचकीत बाजूला चिकटून कापड सरकत नसेल तर वर टिश्यू पेपर ठेवून शिवा, नंतर फाडून टाका. आणि खरं सांगू का, मांडीपाशी कपडे ओले होतात ते बऱ्याचदा आतलं शोषणारं कापड इलॅस्टिकच्या बाहेर डोकावतंय म्हणून, त्यात भोकांचा काही संबंध नसतो.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. नवं कोरं सुती कापड पाणी पित नाही. धाग्यावर नैसर्गिक मेण असतं, वर खळ असते, त्यामुळे माझा पहिला डायपर पहिल्याच दिवशी गळला आणि मला वाटलं शिवणच चुकली. नंतर तेच पॅड गरम पाणी आणि साबणात चार-पाच वेळा धुतलं आणि तेच व्यवस्थित शोषायला लागलं! कापायच्या आधी धुवा म्हणजे आटायचं तेवढं आटून जाईल, आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा थर बसून शोषण कमी होतं.

रॅशबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. डिस्पोजेबलमधलं जेल ओल आत धरून ठेवतं, त्वचा जास्त कोरडी राहते, कापडाला ते जमत नाही. म्हणून कापडी डायपर दोन-तीन तासांनी बदलायचा आणि शी झाली की लगेच, कारण शू-शी एकत्र राहिली की शीमधली एन्झाइम्स त्वचेला जास्त त्रास देतात. हे करायला जमणार नसेल तर त्या वेळापुरता डिस्पोजेबल वापरा, त्यात काहीही चूक नाही. पण मायक्रोफायबर (खूप शोषणारं कृत्रिम कापड) थेट त्वचेला लावू नका, ते त्वचेचाही ओलावा ओढून घेतं, त्यावर फ्लीसचा किंवा सुती थर हवाच. आणि लाल वळ फक्त मांडीच्या रेषेवर असतील तर तो रॅश नाही, इलॅस्टिक घट्ट झालंय.

उकळायचं? पीयूएल उकळलं की पडदा सुटू शकतो आणि मग खरंच गळतं, म्हणजे हा सल्ला पाळला तर मेसेजची दुसरी तक्रार आपोआप खरी होऊ शकते. आधी थंड पाण्याचा हात, मग 60 अंशांवर पुरेशा डिटर्जंटने धुणं, खळखळून पाणी, पूर्ण वाळवणं. एवढं पुरतं.

"पर्यावरणाला फायदा शून्य" हे वाक्य बहुधा ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2005 च्या अभ्यासावरून उचललंय, त्यात दोन्ही प्रकारांत फारसा फरक नाही असं आलं होतं. पण त्याच कामाचा 2008 मधला पुढचा भाग कोणी पाठवत नाही. मशीन पूर्ण भरून धुतलं, बाहेर दोरीवर वाळवलं आणि तेच डायपर दुसऱ्या बाळाला वापरले तर अडीच वर्षांत कापडी डायपरचा कार्बनचा भार सरासरी वापराच्या तुलनेत सुमारे 40 टक्के, म्हणजे 200 किलोच्या आसपास कमी होतो. ड्रायर लावून आणि जास्त तापमानाला धुवत राहिलं तर उलट डिस्पोजेबलपेक्षा वाईट. म्हणजे फायदा आहे की नाही हे आपण धुतो कसं त्यावर ठरतं.

शेवटचा मुद्दा, "घरात बनवलेली वस्तू बाळासाठी भरवशाची नसते." अमेरिकेत मॅरियन डोनोव्हनने 1940 च्या दशकात बाथरूमचा शॉवरचा पडदा कापून घरच्याच शिलाई मशीनवर डायपरचं वॉटरप्रूफ कव्हर शिवलं आणि सेफ्टी पिनच्या जागी स्नॅप लावले. 1949 मध्ये ते मोठ्या दुकानात विकायला आलं, 1951 मध्ये पेटंट मिळालं. आज ज्याला आपण "कंपनीचं डिझाइन" म्हणतो त्याची सुरुवात अशी घरातून झालीये. आणि घरी शिवताना मला जे करता आलं ते विकतच्यात होत नव्हतं. माझ्या धाकट्याच्या मांड्या बारीक, म्हणून इलॅस्टिक दोन सेंटीमीटर कमी घेतलं, कमरेची बटणं एक ओळ आत सरकवली, आणि तिथून गळणं थांबलं. कापड कपाटात ठेवलेल्या मैत्रिणीला मी काल एवढंच सांगितलं, की आधी एका जुन्या चिंधीवर दहा बटणं दाबून बघ, दांड्या सरळ बसायला लागल्या की कापड बाहेर काढ.