गोळी बंद, तरी बीपी नॉर्मल?

खुर्चीत बसायच्या आधीच काका म्हणाले, "डॉक्टर, आज आधी बीपी बघा, मग बोलू." बघितलं. 138/84. "चार दिवस झाले गोळी बंद करून," असं म्हणत त्यांनी खिशातून मोबाईल काढला. "आता हे वाचा."

तो मेसेज मला नवा नव्हता. निरनिराळ्या पेशंटच्या मोबाईलवर तो मी सात-आठ वेळा तरी पाहिला असेल. वर लाल दिवा, त्याखाली 'मुंबईच्या नामवंत हृदयरोगतज्ज्ञांचा खुलासा' (नामवंतांचं नाव मात्र कुठेच नाही), आणि मग मजकूर. थोडक्यात असा: बीपी हा आजारच नाही. वय अधिक शंभर एवढं बीपी नॉर्मलच असतं, 120/80 चा आकडा कंपन्यांनी गोळ्या खपवायला काढला. त्रास होत नसेल तर गोळी कशाला? एकदा सुरू केली की सवय लागते, मरेपर्यंत सुटत नाही, वर किडनी जाते ती वेगळीच. त्यापेक्षा सैंधव मीठ खा, उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या चावा, 21 दिवसांत बीपी मुळापासून जातं. विश्वास नसेल तर चार दिवस गोळी बंद करून बघा, काहीही होत नाही. दहा जणांना पाठवा.

यातलं 'बंद करून बघा' हे वाक्य सगळ्यात घातक, कारण बहुतेकांच्या बाबतीत ते खरं ठरतं. चार दिवसांत खरोखरच काही होत नाही. काकांना ॲम्लोडिपिन चालू होती. ही गोळी अंगातून फार सावकाश उतरते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात, म्हाताऱ्या माणसात त्याहूनही जास्त. म्हणजे काकांनी गोळी बंद केली होती, पण गोळीने काम बंद केलं नव्हतं. तो 138 चा आकडा त्याच गोळीचा होता, जिच्याविरुद्ध पुरावा म्हणून काका तो मला दाखवत होते.

सगळ्या गोळ्या इतक्या सबुरीच्या नसतात, हेही सांगून ठेवतो. क्लोनिडिन एकदम तोडली तर एक-दोन दिवसांत बीपी आधीपेक्षाही वर उसळतं. हृदयाच्या पेशंटने ॲटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल अचानक बंद केली तर छातीत दुखण्यापासून ॲटॅकपर्यंत काहीही होऊ शकतं. मेसेज वाचणाऱ्याच्या डब्यात यातली कोणती गोळी आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याला कुठून कळणार?

"आजपासून परत सुरू करा," मी म्हटलं. काका ऐकेनात. शेवटी ठरलं ते असं: काकांनी आठवड्याने येऊन फुकट मोजून जायचं, आणि छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हात-पाय जड पडला किंवा बोलणं अडखळलं तर दवाखान्यात न येता थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं. नवव्या दिवशी 152/92 निघालं. रिक्षा मिळाली नाही, चालत आलो, म्हणून वाढलं असेल, असं काकांचं म्हणणं. रास्त होतं. पाच मिनिटं शांत बसवलं, पाठ खुर्चीला टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला, गप्पा बंद. परत मोजलं तर 150/92. सोळाव्या दिवशी 172/102, पाच मिनिटांनी 168/100.

"काही त्रास?"

"छे हो. एकदम ठणठणीत."

'त्रास नाही तर गोळी नको' याचं उत्तर काकांनी स्वतःच देऊन टाकलं. 168 ला त्यांना जे वाटत होतं तेच 138 लाही वाटत होतं. पेशंट मला सांगतात, "माझं वाढलं की मला कळतं, कान गरम होतात, मान धरते." मग मोजलं की कान गरम असताना 130 निघतं, आणि दाढ दाखवायला आलेल्या धडधाकट माणसाचं 180. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उच्च रक्तदाब असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांना तो आहे हे ठाऊकच नाही. बीपी दुखत नाही, हीच तर त्याची खोड.

आता 'वय अधिक शंभर'. हा नियम कंपन्यांच्या शत्रूंनी शोधलेला नाही, तो डॉक्टरांचाच. एकेकाळी आमच्याच पेशाचा समज होता की वयाबरोबर रक्तवाहिन्या कडक होतात, तेव्हा त्यांच्यातून रक्त ढकलायला दाब वाढणं गरजेचंच आहे. उच्च रक्तदाबाच्या 'इसेन्शियल हायपरटेन्शन' या नावातलं 'इसेन्शियल', म्हणजे 'गरजेचं', त्याच समजातून आलं, आणि ते आम्ही आजही लिहितो. या समजाची किंमत एका फार मोठ्या माणसाने मोजली. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट. 1944 च्या मार्चमध्ये हॉवर्ड ब्रूएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासलं तेव्हा बीपी 186/108 होतं आणि हृदय थकत चाललं होतं. त्यांचे नेहमीचे डॉक्टर रॉस मॅकइन्टायर मात्र बाहेर सांगत राहिले की वयाच्या मानाने तब्येत उत्तम आहे. 12 एप्रिल 1945 ला दुपारी रूझवेल्ट म्हणाले, डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय. थोड्याच वेळात शुद्ध गेली. मोजलं तेव्हा दाब 300/190 होता. मेंदूत रक्तस्राव. वय 63, म्हणजे 'वय अधिक शंभर' लावलं तर 163 पर्यंत खुशाल राहावं, काळजीचं कारण नाही!

तेव्हा ब्रूएनच्या हाताशी धड औषधही नव्हतं, हे खरं. ते पुढे आलं, आणि त्यातलं एक आपल्या मातीतून आलं. मेसेजमध्ये 'आपलं देशी ते निरुपद्रवी, गोळी ती विषारी' असा सूर आहे, म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो. सर्पगंधेचं मूळ आपल्याकडे पूर्वापार वापरात होतं. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ते बीपी उतरवतं असं लिहिलं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ते पेशंटना देऊन, मोजून, नोंदी ठेवून 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निबंध छापला. जगाचं लक्ष सर्पगंधेकडे गेलं ते त्यानंतर. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीने त्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. 1957 मध्ये डॉ. वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. आणि मग कळलं की याच रेसर्पिनने काही पेशंट खिन्न होतात, नाक चोंदतं, मरगळ येते. मूळ झाडाचं असो की गोळी कारखान्याची, अंगात शिरून दाब उतरवण्याइतकी ताकद असेल तर दुष्परिणामाचीही ताकद असतेच.

या रेसर्पिनसह तीन औषधं देऊन अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलांनी 1967 मध्ये एक अभ्यास छापला. पेशंट फक्त 143, सगळे पुरुष, खालचं बीपी 115 ते 129. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. जिवावर बेतणाऱ्या घटना, म्हणजे मृत्यू, पक्षाघात, हृदय निकामी होणं वगैरे, बिनऔषधाच्या गटात 27, औषधाच्या गटात 2. बीपी हा आजारच नाही म्हणणाऱ्याने या दोन आकड्यांचं काय करायचं ते सांगावं.

"पण कंपन्यांनी आकडा खाली आणला हे तर खरं ना?" हा प्रश्न मला खूप जण विचारतात, त्यात काही शिक्षकही असतात, आणि त्यांना उडवून लावणं बरोबर नाही. आकडा खाली आला हे खरं आहे. 1970 च्या दशकात 160/95 ला उच्च रक्तदाब म्हणत, नंतर 140/90, आणि 2017 मध्ये अमेरिकेने तो 130/80 केला. औषध कंपन्यांना याचा फायदा होतो हेही खरं. आमच्याकडे येणारे एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, याच आकड्यांचे गुळगुळीत कागद टेबलावर ठेवून जातात. पण आकडा खाली आणायला कारण ठरलेला 2015 चा मोठा अभ्यास, 9,361 लोकांचा, अमेरिकन सरकारच्या आरोग्य संस्थेने चालवलेला होता. शिवाय 130 सगळ्या जगाने मान्य केलेलं नाही. आपल्याकडे 2017 मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेला सरकारी बीपी नियंत्रण कार्यक्रम 140/90 च धरून चालतो. 120/80 ला गोळी सुरू करा असं तर कुठलाही नियम म्हणत नाही. तो आदर्श आकडा आहे, गोळीची सीमारेषा नव्हे. मेसेजने या दोन गोष्टींची सरमिसळ केली आहे आणि बरेचसे वाचक तिथेच फसतात.

आणि कंपन्यांचा डावच म्हणाल, तर ॲम्लोडिपिनचं अमेरिकेतलं पेटंट 2007 मध्येच संपलं. आज ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, जनऔषधी केंद्रात दहा गोळ्यांची पट्टी कटिंग चहाच्या भावात. इतक्या स्वस्त गोळीसाठी कुणी जगभर कट रचत असेल तर तो धंद्यात फारच कच्चा असला पाहिजे.

किडनीचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण ती भीती हवेतून आलेली नाही. ॲम्लोडिपिनने काही जणांच्या घोट्यांवर सूज येते. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, अंगठा दाबला की खड्डा पडतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, पायावर सूज म्हणजे किडनी गेली. ही सूज बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्याने येते, औषध कमी केलं किंवा बदललं की उतरते. दुसरं, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या बीपीच्याच गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, थोडं वाढू शकतं. रिपोर्टवर लाल खूण दिसते आणि माणूस घाबरून गोळी फेकून देतो. थोडी वाढ चालते, जास्त असेल किंवा पोटॅशियम चढलं तर औषध बदलावं लागतं. म्हणून तर सुरू केल्यावर काही दिवसांनी रक्त तपासायला सांगतो. आणि जुलाब-उलट्या होत असतील तर या गोळ्या तशाच चालू ठेवू नका, फोन करा.

पण हिशेब पूर्ण मांडायचा तर किडनी खराब करणाऱ्यांत मधुमेहाच्या खालोखाल नंबर आहे तो उपचार न केलेल्या बीपीचा. लघवीतून प्रथिनं जात असतील तर हीच टेल्मिसार्टन किडनी वाचवायला देतात. बीपीच्या गोळीने किडनी जाईल म्हणून घाबरणाऱ्या मावशींच्या पिशवीत मला गुडघ्याची डायक्लोफेनॅक सापडते, मेडिकलमधून परस्पर आणलेली, रोज दोन. ती बीपीही वाढवते आणि किडनीलाही लागते. तिच्याविरुद्ध कुणी मेसेज फिरवत नाही.

'सवय लागते' याला फार वेळ देत नाही. व्यसनात तल्लफ येते. रात्री अकराला दार वाजवून "डॉक्टर, एक ॲम्लोडिपिन द्या, जीव कासावीस झालाय" असं मला अजून कुणी म्हटलेलं नाही. हे वाक्य ऐकवणाऱ्या काकांच्या खिशात तंबाखूची पुडी होती. गोळी थांबवल्यावर दाब पुन्हा वाढतो तो मूळचाच. आणि मरेपर्यंत सुटत नाही हेही सरसकट खरं नाही. वजन आठ-दहा किलो उतरलं, दारू सुटली, मीठ आवरलं, की मी स्वतः गोळी अर्धी केली आहे, काहींची बंदही. गरोदरपणात वाढलेलं बीपी बऱ्याच जणींचं बाळंतपणानंतर उतरतं. उतारवयात माणूस खंगला, उठताना तोल जाऊ लागला, तर उभं राहून बीपी मोजतो आणि डोस कमी करतो. फक्त हे मोजून करायचं असतं.

राहिलं मीठ. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराईडच आहे, रंग गुलाबी असला म्हणून दाब वाढवायचा सोडत नाही. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, एवढीच मर्यादा, आणि त्यात भाजीतलं, चपातीतलं, ताकातलं, लोणच्या-पापडातलं, फरसाणातलं सगळं आलं. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय आणू नये. लसूण जरूर खा. दाब तो थोडासा उतरवतो, पण 170 चं 130 करणं त्याच्या आवाक्यातलं नाही, आणि 21 दिवस हा आकडा कुठून आला ते लसणालाच माहीत.

सोळाव्या दिवशी जाताना काकांनी कंपाउंडरकडून चिठ्ठी मागून घेतली आणि तिच्यावर तिन्ही तारखा आणि तिन्ही आकडे लिहवून घेतले. गोळी त्याच रात्री सुरू केली. चिठ्ठीचा फोटो त्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला, जिथून तो मेसेज आला होता तिथेच. पुढच्या वेळी आले तेव्हा मी विचारलं, कोण काय म्हणालं?

"पुतण्याने गुलाबाचं फूल पाठवलं," काका म्हणाले. "शुभ सकाळ."