परदेशी शहर आणि फिरणारा तो मेसेज

दिवाळीच्या सुट्टीत परदेशी जाणाऱ्यांच्या बॅगा भरायला लागल्या की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा आमच्या देवगडच्या दोन ग्रुपांवर आणि मामेबहिणींच्या ग्रुपवर एकाच दिवशी आला. वर ठळक अक्षरांत ‘परदेशातल्या मोठ्या शहरात जाताय? ही माहिती तुमचा जीव वाचवेल’, आणि खाली सहा कलमं. अनोळखी माणसाने दिलेलं कार्ड हातात घेऊ नका, त्याला गुंगीचं औषध लावलेलं असतं. एटीएमपाशी कोणी धमकावलं तर पिन उलटा दाबा, पोलीस येतील. मेट्रोत बसू नका. पासपोर्ट आणि सगळे पैसे कायम अंगावर ठेवा. पोलीस मागतील ते मुकाट्याने द्या. आणि विश्वास ठेवायचाच तर फक्त आपल्या माणसांवर ठेवा.

पाठवणाऱ्यांना काळजी वाटते म्हणूनच ते पाठवतात, हे मला ठाऊक आहे. पण यातलं एकही कलम जसंच्या तसं पाळण्यासारखं नाही, आणि शेवटचं तर घातक आहे.

आधी ते कार्ड. कागदाला लावलेलं औषध बोटांना लागून माणूस जागच्या जागी कोसळत नाही. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी धरला तरी बेशुद्ध व्हायला काही मिनिटं लागतात. गुंगी देऊन लुटण्याचे प्रकार खरे आहेत, कोलंबियातल्या बोगोता शहरात ते बरेच घडलेत, पण तिथे औषध घातलं जातं ते बहुधा पेयात. म्हणजे जपायचा तो आपला पेला. तो टेबलावर सोडून फोटो काढायला गेलात तर परत आल्यावर नवा मागवा.

उलटा पिन ही तर निव्वळ थाप. अशी कल्पना अमेरिकेत एकाने मांडली होती, पण बँकांनी ती कधी अमलात आणली नाही. 2112 किंवा 5555 असा पिन असेल तर तो उलटा कसा दाबणार, एवढा विचार केला तरी पुरे. समोर चाकू असताना कोणी या भरवशावर राहिलं तर मशीन पिन चुकला म्हणेल आणि समोरचा चवताळेल. अशा वेळी पैसे देऊन टाकायचे, जीव महत्त्वाचा. पोलिसांचा नंबर विमानात बसण्यापूर्वीच फोनमध्ये हवा. युरोपीय संघाच्या सगळ्या देशांत 112 चालतो, आणि थायलंडमध्ये पर्यटकांसाठीच्या पोलिसांचा नंबर 1155 आहे.

मेट्रोच्या कलमाचा मला सगळ्यात राग येतो, कारण त्याने माझ्या मावशीचे पाच दिवस खाल्ले. गेल्या वर्षी मी तिला घेऊन पॅरिसला तिच्या मुलीकडे गेले होते. मुलगी सकाळी कामावर जायची आणि मावशी खिडकीत बसायची. “माका नको गो ती मेट्रो. पाकीट गेला तर काय करू?” आयुष्यभर देवगडहून एसटीने एकटी मुंबईला जाणारी ही बाई!

पॅरिसात खिसेकापू आहेत, यात खोटं काही नाही. 2013 च्या एप्रिलमध्ये त्यांच्या त्रासाला कंटाळून लूव्र संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांनी काम थांबवलं आणि संग्रहालय एक दिवस बंद राहिलं. 2015 च्या मे महिन्यात आयफेल टॉवरवरही तेच झालं. पण हे चोर पाकिटाच्या मागे असतात, जिवाच्या नाही, आणि त्यांची वेळ ठरलेली असते. लूव्र आणि शाँझेलिझेवरून जाणाऱ्या 1 नंबरच्या मेट्रोत मी ते डोळ्यांनी पाहिलं. दोन मुली दाराशी नकाशा धरून उभ्या होत्या. दार बंद होण्याचा भोंगा वाजला, तशी एकीने समोरच्या माणसाला धक्का दिला आणि दोघी उडी मारून फलाटावर उतरल्या. दार लागलं, गाडी सुटली, आणि तो माणूस खिसे चाचपत राहिला. दाराजवळ उभं राहायचं नाही, पिशवी पोटाशी धरायची, मागच्या खिशात काही ठेवायचं नाही. एवढं केल्यावर सहाव्या दिवसापासून मावशी माझ्याबरोबर रोज मेट्रोने फिरली. माँमार्त्रच्या टेकडीवर एकजण तिच्या बोटाला रंगीत दोरा गुंडाळायला आला. देवळाबाहेर हाताला गंडा बांधून दक्षिणा मागतात तसलाच हा प्रकार, बांधून झालं की पैसे मागायचे. मावशीने हात पदराखाली घेतला आणि सरळ पायऱ्या चढू लागली.

पासपोर्ट आणि सगळी रोकड एकाच पिशवीत अंगावर, म्हणजे एका झटक्यात सगळं जायची सोय. मूळ पासपोर्ट मुक्कामी कुलपात ठेवावा, फोनमध्ये फोटो आणि जवळ झेरॉक्स असावी. काही देशांत पोलीस मूळ कागद मागू शकतात, ते हॉटेलात विचारून घ्यावं. हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथे परत येण्यापुरतं तातडीचं प्रमाणपत्र मिळतं.

पोलिसांचं म्हणाल, तर साध्या कपड्यांतला कोणी ‘नोटा खोट्या आहेत का बघू’ म्हणत पाकीट मागायला लागला की तो तोतया समजा. पाकीट द्यायचं नाही, ‘चौकीत चला’ म्हणायचं.

रस्त्याबद्दल मात्र त्या मेसेजमध्ये चकार शब्द नाही. पॅरिस, दुबई, दोहा, सगळीकडे वाहनं उजव्या बाजूने चालतात. आपली मान सवयीने आधी उजवीकडे वळते आणि गाडी येते डावीकडून. मावशीला मी दोनदा दंडाला धरून मागे ओढलंय. गणपतीपुळ्याला घाटावरची माणसं येतात, त्यांना कसली कसली भीती असते, पण पाण्याला ओढ आहे म्हणून गावकरी ओरडतात ते ऐकू येत नाही. तिथे गेल्यावर आपण घाटावरचे होतो.

आता ते शेवटचं कलम. 2019 साली मुंबईचं एक जोडपं दोह्याला गेलं. सहल घडवून आणली ती नात्यातल्याच बाईने, आणि जाताना एक पुडकं दिलं, जर्दा आहे म्हणून. निघाला 4 किलो चरस. 10 वर्षांची शिक्षा झाली, मूल तुरुंगात जन्मलं, आणि निर्दोष ठरून ती दोघं परत आली ती 2021 मध्ये. आपल्या माणसाचं पुडकं होतं म्हणून कोणी उघडलं नव्हतं.

आपल्याकडे तर आखातात पोरं नाहीत असं घर शोधावं लागेल. कोणी निघालं की चार घरची पुडकी येतात, आणि ‘नाही’ म्हणणं जड जातं. त्यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. पण खसखस अफूच्या बोंडातली, संयुक्त अरब अमिरातीत तिला बंदी आहे. आपल्या घरात सहज असणारं कोडीनचं खोकल्याचं औषधही तिथे आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाही. विमानतळावर बॅग ज्याच्या नावावर, गुन्हा त्याच्या नावावर.

परवा माझा भाऊ दुबईला निघाला तेव्हा शेजारच्या काकी मुलासाठी डबा घेऊन आल्या. आम्ही पडवीत चटई टाकली आणि त्यांच्यासमोरच एकेक पुडी सोडली. चकल्या, कुळथाचं पीठ, आंबापोळी बॅगेत गेली. अनारशांवर खसखस होती, आणि करंज्यांच्या सारणात आहे हे काकींनी आपणहून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पुन्हा आल्या. रात्रीत नुसत्या खोबऱ्याच्या सारणाच्या वीस करंज्या केल्या होत्या. अनारसे आम्ही चहाबरोबर खाल्ले.